ओळीच्या शेवटी

फ्रान्सच्या पूर्व भागातील बर्गंडी प्रदेशात, दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे सुमारे ५० किलोमीटर पसरलेल्या एका चिंचोळ्या, पूर्वाभिमुख उताराला कोत-दोर असे म्हणतात. द्राक्षशेतीच्या जगात इतक्या बारकाईने वाटलेली, मोजलेली आणि तुकड्यातुकड्याला स्वतंत्र नाव मिळालेली जमीन क्वचितच आढळते. या उताराच्या दक्षिण भागात बोन या गावापासून सांतने या गावापर्यंत वीसेक किलोमीटरची एक सायकलवाट जाते, तिचे नाव ‘व्वा दे विन्य’, म्हणजे द्राक्षवेलींची वाट. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी-मोंत्राशे, शासान्य-मोंत्राशे ही वाइनच्या बाटल्यांवरून जगभर पोहोचलेली गावे या वाटेवर एकापाठोपाठ एक येतात, आणि वसंतापासून शरदापर्यंत दहा-बारा जणांच्या सायकल-सहली तिच्यावरून रोज ये-जा करीत असतात. अशा तुकड्यांच्या मागे सायकल चालवण्याचे काम प्रस्तुत लेखकाने काही हंगाम केले आहे. त्या काळात जी एक गोष्ट हळूहळू आणि काही चुका होऊन मगच उमगली, ती अशी की ही वाट सुटीसाठी आलेल्यांची नसून कामावर निघालेल्यांची आहे. बऱ्याच ठिकाणी ती शेतीच्या जुन्या रस्त्यांवरूनच नेलेली आहे, तिच्यावर पहिला हक्क बागेतल्या वाहनांचा आहे, आणि सहलीतल्या मार्गदर्शकाच्या कामाचा बराचसा भाग हा हक्क पाहुण्यांच्या अंगवळणी पाडण्यात जातो.

अशा सहलीत साधारणपणे तीन माणसे कामावर असतात. एक मार्गदर्शक सर्वांत पुढे राहून रस्ता दाखवतो, दुसरा सर्वांत मागे राहतो, आणि तिसरा माणूस सामानाच्या बॅगा, सुटे भाग, पाणी व जेवणाचे साहित्य भरलेली व्हॅन घेऊन पुढच्या मुक्कामी जातो. मागे राहणाऱ्याचा नियम एकच, तो म्हणजे आपल्या मागे कोणीही राहता कामा नये. सायकल शर्यतींच्या जगात हे काम एका गाडीकडे असते. तूर द फ्रान्स या शर्यतीत १९१० साली, पिरेनीज पर्वतातील टप्प्यांच्या वेळी, थकलेल्या स्वारांना गोळा करीत येणारी गाडी प्रथम ठेवली गेली, आणि मागचे सगळे झाडून नेते म्हणून तिला ‘झाडूगाडी’ हे नाव पडले. सहलीत मात्र कोणाला झाडून न्यायचे नसते, तर जो सर्वांत हळू चालवतो त्याच्या गतीला आपली गती जुळवायची असते. मागच्या माणसाला तुकडीची पाठ दिसते आणि पाठीवरून बरेच कळते. खांदे वर चढले की स्वार दमला आहे, गुडघे बाहेरच्या बाजूला फाकू लागले की सीट खाली आहे, आणि डोके सारखे डावीउजवीकडे वळू लागले की त्याला थांबायचे आहे पण सांगायला संकोच वाटतो आहे, हे अनुभवाने ओळखता येते. पुढच्या मार्गदर्शकाला यातले काही दिसत नाही, आणि म्हणून त्या दोघांचा ताळमेळ नसेल तर तुकडी अर्ध्या तासात किलोमीटरभर लांब होते.

पहिल्या दिवसाची सकाळ सर्वांत जोखमीची असते, आणि त्याचे कारण चढ किंवा उतार हे नसते. भारतातून आलेल्या स्वारांना दोन सवयी एकाच वेळी उलट्या कराव्या लागतात. पहिली सवय रस्त्याच्या बाजूची, कारण फ्रान्समध्ये वाहने उजवीकडून चालतात. चालत्या तुकडीत ही बाजू सहसा चुकत नाही, परंतु कॉफीसाठी थांबून पुन्हा निघताना, रिकाम्या रस्त्यावर, पहिल्याच वळणाला हात आपोआप डावीकडे वळतो. दुसरी सवय हाताच्या बोटांत असते आणि म्हणूनच ती अधिक चिवट असते. भारतीय सायकलींवर उजव्या मुठीचा ब्रेक पुढच्या चाकाला व डाव्या मुठीचा मागच्या चाकाला लागतो, तर फ्रान्समध्ये भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक सायकलींवर हे नेमके उलटे असते. लहानपणापासून उतारावर डावी मूठ बिनधास्त दाबणाऱ्या माणसाने तीच मूठ येथे त्याच जोराने दाबली, तर पुढचे चाक जागीच अडते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

एका हंगामात व्होल्नेहून खाली उतरताना पुण्याच्या एका अनुभवी सायकलस्वार बाईंच्या बाबतीत हेच घडले. त्या दिवशी सकाळी ब्रेकची बाजू सर्वांना तोंडी सांगितली होती आणि सर्वांनी माना डोलावल्या होत्या. पण उतारावर समोर अचानक मांजर आले तेव्हा कानांनी ऐकलेले बोटांपर्यंत पोहोचले नाही. मनगट मुरगळले, कोपर सोलवटले, आणि ज्या सहलीसाठी त्यांनी दोन वर्षे तयारी केली होती तिचे उरलेले दिवस त्यांना व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून काढावे लागले. चूक शिकवण्याच्या पद्धतीत होती आणि ती पूर्णपणे मार्गदर्शकाची होती. त्यानंतर प्रत्येक तुकडीला निघण्यापूर्वी हॉटेलच्या अंगणात सायकल हातात धरून चालवायला लावणे, एकेक मूठ दाबून कोणते चाक अडते ते प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावणे, आणि मग कमी वेगात दहा-वीस वेळा थांबायला लावणे, असा अर्ध्या तासाचा परिपाठ ठरून गेला. तारेचे ब्रेक असलेल्या सायकलींवर तारा बदलून मुठींची अदलाबदल करणे सोपे असते, परंतु तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असले की नळ्यांमधली हवा काढण्याचे किचकट काम मागे लागते, त्यामुळे बारा सायकलींचे हे काम एका रात्रीत उरकत नाही. ज्यांना फारच अवघड जाते अशा एक-दोघांसाठी मात्र ते आवर्जून करावे, असे या अनुभवावरून ठाम मत झाले आहे.

बोनहून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात वाट वेलींमध्ये शिरते, आणि येथे ‘क्लिमा’ या शब्दाचा अर्थ सांगणे भाग पडते. या शब्दाचा बर्गंडीतील अर्थ हवामान असा नसून, स्वतःचे नाव, ठरलेली सीमा आणि शतकानुशतकांची ओळख असलेला द्राक्षबागेचा तुकडा असा आहे. २०१५ साली युनेस्कोने बर्गंडीच्या क्लिमांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा त्यांची संख्या १,२४७ नोंदवली गेली होती. वाइनच्या नावांचीही येथे एक उतरंड आहे: सर्वांत खाली प्रदेशाच्या नावाने विकली जाणारी वाइन, तिच्यावर गावाच्या नावाची, तिच्यावर ‘प्रेमिए क्रू’ म्हणजे पहिल्या प्रतीच्या तुकड्यांची, आणि सर्वांत वर ‘ग्राँ क्रू’ म्हणजे श्रेष्ठ तुकड्यांची, ज्यांना गावाचे नावही लावावे लागत नाही. ही उतरंड कागदावर तयार झालेली नाही, ती उतारावर आहे. पायथ्याशी माती खोल व चिकण असते आणि तिच्यात पाणी साचते. माथ्यावर माती पातळ असते आणि थंडी जास्त असते. मधल्या पट्ट्यात चुनखडीवर बेताची माती असते, पाण्याचा निचरा होतो आणि सकाळचे ऊन थेट मिळते. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा डी ९७४ हा मोटाररस्ता साधारणपणे या उताराच्या पायथ्याशी आहे, आणि त्याच्या पूर्वेच्या सपाट जमिनीतील वाइन बहुधा प्रदेशाच्याच नावाने विकली जाते.

मोटारीतून जाणाऱ्याला हा फरक दिसत नाही, कारण शंभर मीटरचा पट्टा ओलांडायला मोटारीला पाच-सहा सेकंद लागतात. सायकलस्वाराला तो पायांत कळतो. मोटाररस्त्यापासून गावाकडे वळल्यावर पेडल जड होऊ लागते, गावाच्या वरच्या घरांशी एक गिअर उतरवावा लागतो, आणि गावाबाहेरच्या बागांशी आणखी एक. मागे असणाऱ्याला बारा चेन एकापाठोपाठ एक मोठ्या दातेरी चाकावर सरकताना दिसतात, आणि ढोबळ मानाने सांगायचे तर चेन सरकते त्याच सुमारास जमिनीची प्रतही बदलते. हे सर्वांत स्वच्छ दिसते ते प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या शिवेवर. मोंत्राशे हा पांढऱ्या वाइनचा सर्वांत नावाजलेला तुकडा जेमतेम ८ हेक्टरांचा असून, त्याच्या वरच्या अंगाला शेव्हालिए-मोंत्राशे आणि खालच्या अंगाला, एका अरुंद रस्त्यापलीकडे, बातार-मोंत्राशे आहे. तिन्ही ग्राँ क्रू आहेत, तिन्हींत शार्दोने ही एकच द्राक्षजात आहे, तरीही तिन्हींच्या वाइनची चव वेगळी मानली जाते आणि किंमतही वेगळी असते. प्युलिन्यी गावाने १८७९ साली या तुकड्याचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले. त्याआधी १८४७ साली जव्हरे गावाने शाम्बेर्तँ या तुकड्याचे नाव असेच जोडले होते. गावावरून शेताला नाव पडते हे सर्वत्र दिसते, शेतावरून गावाला नाव पडल्याची ही उदाहरणे मात्र विरळ आहेत, आणि ज्या माणसांनी ते केले त्यांना आपल्या गावाची खरी मिळकत कोणती हे नेमके ठाऊक होते.

या तुकड्यांचे आणखी तुकडे झालेले आहेत. व्हूजो गावातील क्लो द व्हूजो ही भिंतीने वेढलेली बाग मध्ययुगात सितो येथील मठवासी साधूंनी उभी केली. सुमारे ५० हेक्टरांची ही एकसंध बाग आज ऐंशीच्या आसपास मालकांत वाटली गेलेली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन लिलावात विकल्या गेल्या, आणि त्यानंतर १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने सर्व अपत्यांना वारसाहक्क सारखा ठरवल्याने पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत राहिल्या. महाराष्ट्रातील वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण सातबाऱ्यावर वाढत जाणारी नावे आणि गुंठ्यांपर्यंत आलेली शेते त्याने पाहिलेली असतात. बर्गंडीतही जमीन मोजण्याचे असे एक लहान माप आहे आणि ते अजून वापरात आहे. त्याला ‘उव्रे’ म्हणतात. एका माणसाला कुदळीने एका दिवसात जेवढी बाग खणता येई तेवढे क्षेत्र, म्हणजे सुमारे ४२८ चौरस मीटर, आपल्या हिशेबाने सव्वाचार गुंठ्यांच्या आसपास. येथे एका हेक्टरात साधारण १०,००० वेली लावलेल्या असतात, त्यामुळे एका उव्रेत सव्वाचारशेच्या आसपास वेली येतात. जमिनीचे माप माणसाच्या दिवसभराच्या कष्टावरून ठरले आहे ही गोष्ट तुकडीला सांगितली की बहुतेकांची नजर वेलींवरून खाली, मातीकडे जाते. पूर्वी पावसाने पायथ्याशी वाहून आलेली हीच माती बागेतले मजूर पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर वाहून नेत असत.

वेली अशा दाट, मीटर-मीटरभर अंतरावर आणि जेमतेम छातीइतक्या उंच असल्यामुळे दोन ओळींमधून साधा ट्रॅक्टर जाऊ शकत नाही. त्यासाठी येथे ओळीला ढेंगेत घेऊन चालणारा ट्रॅक्टर वापरतात, ज्याची चाके ओळीच्या दोन्ही बाजूंना असतात, इंजिन व चालकाची केबिन वेलींच्या वरून जाते, आणि पोटाखाली फवारणीच्या नळ्या किंवा शेंडे छाटणारी पाती लावलेली असतात. बागेत ते यंत्र डौलदार दिसते. सायकलवाटेवर समोरून आले की तिची सगळी रुंदी व्यापते, आणि वाटेच्या कडेला दगडी भिंत असेल तर सायकलस्वाराला सरकायला जागा उरत नाही. एका तुकडीत असे झाले की पोमारच्या पुढे छायाचित्रे काढण्यासाठी सारेजण वाटेच्या मधोमध सायकली उभ्या करून थांबले, समोरून फवारणी संपवून निघालेला ट्रॅक्टर आला आणि चालक इंजिन चालू ठेवून निमूटपणे थांबून राहिला. तो ओरडला नाही, हॉर्न वाजवला नाही. पण फवारणीचे काम वारा पडलेला असताना, सकाळच्या ठरावीक तासांतच उरकावे लागते, आणि त्या माणसाच्या सकाळची दहा मिनिटे त्या दिवशी सुटीवरच्या माणसांनी खर्ची घातली, हे मागे उभे राहून पाहताना फार लाजिरवाणे वाटले. तेव्हापासून नियम असा की ट्रॅक्टरचा आवाज आला की मागून एक लांब शिट्टी, शिट्टी झाली की सर्वांनी उतरायचे, सायकल उजवीकडच्या गवतात ओढायची आणि यंत्र पूर्ण निघून जाईपर्यंत कोणी पेडलवर पाय ठेवायचा नाही.

दुपारचे नियोजन वेगळ्याच गोष्टींवर अवलंबून असते. बाराच्या सुमारास गावे मिटतात आणि दोनपर्यंत दुकाने, तळघरे, पुष्कळदा बेकरीसुद्धा बंद असते, त्यामुळे पाव व चीज सकाळीच घेऊन ठेवावे लागते. वेलींमध्ये सावली नसते. पाण्याच्या बाटल्या भरण्यासाठी या भागातले सायकलस्वार गावाच्या दफनभूमीच्या फाटकापाशी थांबतात, कारण थडग्यांवरच्या फुलांसाठी तेथे नळ असतो. पाणी पिण्याजोगे नसल्याची पाटी नाही ना, एवढे पाहून घ्यायचे. मराठी मंडळींना आधी हे अवघड वाटते. मग तहान लागते.

वाइनच्या तळघरांविषयी सहलींच्या माहितीपत्रकांत फार काही छापलेले असते आणि कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते नेमके नसते. ज्या संस्थेसाठी हे काम केले तिच्या कार्यालयाने एका हंगामात दिवसाला तीन तळघरे असा कार्यक्रम आखला होता, त्यांपैकी पहिले सकाळी साडेदहाला. फ्रान्समध्ये रक्तातील मद्यार्काची लिटरमागे अर्ध्या ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारांनाही लागू आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, उन्हात तापलेल्या शरीराने जमिनीखालच्या बारा-तेरा अंश थंडीत उतरायचे, तेथे उभे राहून चार-पाच वाइन चाखायच्या आणि पुन्हा उन्हात येऊन उतारावरून सायकल सोडायची, हे कोणत्याही शहाण्या माणसाने ठरवलेले वेळापत्रक नव्हते. चाखण्याची रीत जाणणारे घोट तोंडात घोळवून तेथे ठेवलेल्या भांड्यात थुंकतात, आणि वाइन बनवणारे स्वतः दिवसभर असेच करतात. परंतु पाहुण्यांना यजमानासमोर थुंकणे असभ्य वाटते, भारतीयांना तर फारच, आणि ते गिळून टाकतात. पत्रव्यवहार, रदबदली आणि एकदोन कडक शब्द झाल्यानंतर पुढील हंगामापासून दिवसाला एकच तळघर आणि तेही सायकली मुक्कामी लावून झाल्यावर, असा बदल झाला. त्याचा एक न ठरवलेला फायदा असा झाला की ज्या बागेतून सकाळी पाय दुखवत चढलो त्याच तुकड्याची वाइन संध्याकाळी समोर येऊ लागली आणि लोक पेल्यापेक्षा बाटलीवरचे नाव आधी वाचू लागले.

एका तुकडीत नाशिककडचे साठीतले एक द्राक्षबागायतदार होते, ज्यांना बाकीची मराठी मंडळी काका म्हणत. ते सर्वांत हळू चालवत, कारण दर दोनशे मीटरवर उतरून ते बागेच्या कडेला बसत, त्यामुळे मागे राहणाऱ्या मार्गदर्शकाचा आठवडाभराचा सहवास त्यांच्याशीच झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी वेलीच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर वर, एका फुगीर गाठीवर बोट ठेवले आणि ती कलमाची जागा असल्याचे ओळखले. युरोपात कलम करण्यामागे मोठे संकट होते. फिलॉक्सेरा हा मुळांवर जगणारा अमेरिकी किडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये पसरला, १८७८ साली तो कोत-दोरमध्ये मर्सो येथे आढळला, आणि अखेर या किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटांवर फ्रेंच जातींची कलमे बांधूनच बागा वाचवता आल्या. महाराष्ट्रात खुंट वापरात आले ते मुख्यतः खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई यांमुळे. कारणे वेगळी असली तरी गाठ तीच होती, आणि ती बोटाने चाचपताना त्यांचा चेहरा परगावी आपल्याकडचे माणूस भेटावे तसा झाला. पानांवरची निळसर-हिरवी झाकही त्यांनी लगेच ओळखली. मोरचूद आणि चुना यांचे ते बोर्डो मिश्रण केवड्यासाठी नाशिकच्या बागांतही फवारले जाते. फ्रान्समधील बोर्डो भागात रस्त्याच्या कडेच्या वेलींवरची द्राक्षे येणाऱ्याजाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून असा रंगीत फवारा मारण्याची रीत होती. त्या कडेच्या वेलींना रोग लागत नाही हे पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि १८८५ साली त्याने हे औषध जाहीर केले. वाटेने जाणाऱ्या भुकेल्या माणसांमुळे बागेला औषध मिळाले, हे ऐकून काकांनी ती गोष्ट गावी सांगण्यासाठी वहीत लिहून घेतली.

मर्सोच्या पुढे जूनच्या अखेरीस एक बाई एकट्याच बागेत काम करीत होत्या. वाढलेल्या फुटी दोन तारांच्या मध्ये घालायच्या आणि तारा चिमट्याने जवळ आणायच्या, हे काम त्या न थांबता, ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करीत चालल्या होत्या. काका ओळीच्या शेवटी उभे राहिले आणि त्या जवळ आल्यावर त्यांनी दोन बोटांची कात्री करून हवेत दोनदा चालवली, मग स्वतःच्या छातीला हात लावला. नाशिकमध्ये एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी अशा दोन छाटण्या होतात, कारण तेथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. बाईंनी क्षणभर विचार करून एक बोट वर केले.

“या ताईंना विचारा,” काका म्हणाले, “रोजाने असतात का उक्त्याने?”

प्रश्नाचे भाषांतर करण्याची पाळी मार्गदर्शकावर आली, आणि इतक्या हंगामांत हा प्रश्न कोणत्याही पाहुण्याने विचारलेला नव्हता. उत्तर ‘उक्त्याने’ असे होते. बर्गंडीत बागेचा ठरावीक भाग वर्षभरासाठी एका माणसाकडे सोपवून, छाटणीपासून तारांत फुटी घालण्यापर्यंतच्या कामांची मजुरी क्षेत्रावर देण्याची रीत जुनी आहे. मग दोघांचे बोलणे बोटांनी, अर्ध्या शब्दांनी आणि मधल्या माणसाच्या मदतीने वीस मिनिटे चालले: हिवाळ्यात छाटणी, छाटलेल्या काड्या बागेतच जाळायच्या, वसंतात काडी वाकवून तारेला बांधायची, मे महिन्यात नको त्या फुटींची विरळणी. काकांनी त्यांची कात्री मागून घेतली, धार अंगठ्याने पाहिली आणि परत दिली. पुढची तुकडी तोपर्यंत प्युलिन्यीला पोहोचून जेवायला बसली होती, आणि पुढच्या मार्गदर्शकाचे दोन फोन येऊन गेले होते. त्या वीस मिनिटांसाठी उशीर करावा की नाही, हा प्रश्न तेव्हाही पडला नाही.

या कामाचे वेळापत्रकही आता स्थिर राहिलेले नाही. बोन येथील द्राक्षतोडणी सुरू झाल्याच्या तारखा १३५४ सालापासून जुळवता आल्या आहेत, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मालिकेनुसार १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असे, तर १९८८ पासून ती सरासरी १३ दिवस आधी येऊ लागली आहे. सहली आखणाऱ्यांनी ‘तोडणीपूर्वीचा शांत पंधरवडा’ म्हणून जे दिवस राखून ठेवलेले असतात, त्याच दिवसांत आता वाटेच्या कडेला तोडणीच्या व्हॅन उभ्या असतात, वाकून घड कापणाऱ्यांच्या ओळी आणि टोपल्या वाहणारी माणसे बागेत असतात, आणि तळघरांच्या दारांना कुलूप असते, कारण घरातले सर्वजण कामात असतात. पाहुण्यांना यातून निराशा वाटते ती तासाभराची. तोडणीच्या दिवसांत मागे राहणाऱ्याने तुकडी लहान-लहान गटांत तोडून चालवावी, वाहने वळवण्याच्या जागा मोकळ्या सोडाव्यात, आणि कोणी घड तोडून चाखू पाहील तर त्याला स्पष्ट शब्दांत अडवावे. हाताशी आलेला तो एक घड कोणाच्या तरी उक्त्या कामाचा भाग असतो.

शासान्यच्या पुढे वाट सांतनेकडे वळते, आणि तेथून थोड्या अंतरावर कनाल द्यू सांत्र या अठराव्या शतकाच्या अखेरीस पुऱ्या झालेल्या कालव्याच्या काठाची सपाट, सावलीची वाट सुरू होते, जिच्यावर मागच्या माणसाला फारसे काम उरत नाही. काकांच्या तुकडीत शेवटच्या सकाळी, त्या वळणाच्या अलीकडे, भिंतीपलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. शिट्टी तोंडाशी नेण्यापूर्वीच पुढचे स्वार उतरलेले होते, बाराही सायकली उजवीकडच्या गवतात ओढलेल्या होत्या आणि काकांनी तर पुढच्या बाईंच्या सायकलचे चाकही हाताने आत ओढून घेतले होते. यंत्र बागेच्या फाटकातून बाहेर आले, वाट भरून पुढे सरकले, आणि चालकाने स्टिअरिंगवरची दोन बोटे उचलली. चुन्याचा पांढरा धुरळा बसेपर्यंत सगळे उभे राहिले. मग मोजणी केली, बारा भरले, आणि तुकडी कालव्याकडे निघाली.